तेल आणि स्वातंत्र्य : डॉ. महंमद मोसद्देक यांचे चरित्र

आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, हे येथील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. या पलटणींच्या इतिहासात फाव, बसरा, कूत अशी काही दूरदेशीच्या गावांची नावे येतात. इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस सहज विचारले की, आपल्या मुलखातील शेतकऱ्यांची मुले इतक्या दूरच्या वाळवंटात कोणाशी आणि कशासाठी लढावयास गेली होती. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने, तुर्कांशी, एवढे उत्तर आम्ही तत्काळ दिले; परंतु कशासाठी, या प्रश्नापाशी आम्ही अडखळलो. त्या रात्री घरी येऊन पुस्तके चाळू लागलो, तेव्हा कारणांच्या यादीत अगदी वरच्या बाजूस एक शब्द आढळला. तो शब्द म्हणजे तेल. आणि तेलाचा माग काढीत पुढे जाता जाता एका विलक्षण पुरुषाचे चरित्र आमच्या हाती लागले. आपल्या देशाच्या भूमीतील तेल आपल्या देशाचेच असले पाहिजे, एवढ्या एका आग्रहासाठी ज्याने सत्ता, स्वास्थ्य आणि स्वातंत्र्य या तिन्हींचे मोल दिले, त्या इराणच्या डॉ. महंमद मोसद्देक यांचे ते चरित्र होय. ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

मोसद्देक यांचा जन्म १८८२ साली तेहरान येथे एका संपन्न व राजकुळाशी संबंधित घराण्यात झाला. वडील राज्याच्या वसूलखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि आई तत्कालीन काजार राजघराण्यातील होती. मोसद्देक दहा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. पुढे कुलपरंपरेप्रमाणे, अजून मिसरूडही न फुटलेल्या वयात, खुरासान प्रांताच्या हिशेबखात्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जमाखर्चाच्या वह्या लहानपणापासून हाताळल्यामुळे एक गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. राज्य कोणाचे आहे हे पाहावयाचे असेल, तर सिंहासनाकडे न पाहता त्याच्या हिशेबाच्या वह्यांकडे पाहावे, ही ती गोष्ट होय.

त्या काळी इराणच्या वह्यांची अवस्था केविलवाणी होती. शहांना परदेशवाऱ्यांचा आणि ऐषारामाचा शौक, खजिना रिकामा, म्हणून एकामागून एक हक्क परकीयांना विकण्याचा सपाटा चालला होता. १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी नावाच्या धनिकास इराणच्या फार मोठ्या भागातील तेल शोधण्याचा आणि काढण्याचा साठ वर्षांचा मक्ता देण्यात आला. मोबदल्यात शहाला रोख वीस हजार पौंड, तितक्याच किमतीचे भाग आणि पुढे होणाऱ्या नफ्यातील शेकडा सोळा हिस्सा मिळावयाचा होता. सात वर्षे खणूनही तेल लागेना. अखेर १९०८ च्या मे महिन्यात मस्जिद-ए-सुलेमान येथे जमिनीतून तेलाचा फवारा उसळला. पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली आणि अबादान बेटावर तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहू लागला.

मध्यंतरी १९०६ साली इराणच्या जनतेने चळवळ करून राज्यघटना आणि मजलिस, म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा, मिळविली होती. तरुण मोसद्देक इस्फहानहून पहिल्या मजलिसवर निवडून आले. परंतु वयाची तिशी पुरी झाली नसल्यामुळे त्यांना आसन मिळाले नाही. हे नशीब त्यांनी हसत स्वीकारले आणि शिक्षणासाठी युरोपची वाट धरली. प्रथम पॅरिसला गेले; तेथे प्रकृतीने दगा दिला, म्हणून परतावे लागले. पुन्हा जाऊन त्यांनी स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेल विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट संपादन केली. ही दुबळी प्रकृती जन्मभर त्यांची सोबतीण झाली. भाषण करता करता त्यांना भोवळ येई, डोळ्यांतून अश्रू वाहत, आणि पुढे पंतप्रधान झाल्यावरही ते पुष्कळदा अंथरुणात पडूनच राज्यकारभार पाहत. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांची याबद्दल यथेच्छ टवाळी केली. परंतु त्या अंथरुणावरच्या कृश माणसाला हलविणे किती कठीण आहे, याचा प्रत्यय पुढे भल्याभल्यांना आला.

आता विद्यार्थ्याच्या त्या प्रश्नाकडे वळू. १९१४ च्या सुमारास इंग्लंडच्या आरमाराने कोळसा सोडून तेलावर जहाजे चालविण्याचे ठरविले होते. तेलामुळे जहाजांचा वेग वाढत होता आणि खलाशांचे श्रम वाचत होते. परंतु कोळसा इंग्लंडच्या पोटात विपुल होता, तेल मात्र मुळीच नव्हते. म्हणून आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारने १९१४ साली या तेलकंपनीचे निम्म्याहून अधिक भाग स्वतःच विकत घेतले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदुस्थानातून निघालेले सैन्य इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरले. ही पुणे डिव्हिजनची तुकडी होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. अबादानचा कारखाना व तेलाची नळवाट सुरक्षित राखणे हा या मोहिमेच्या आरंभीच्या उद्देशांपैकी एक प्रमुख उद्देश होता. बसरा पडले, मग मोहीम लोभाने पुढे पुढे सरकत गेली, आणि शेवटी कूत येथे जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांत मराठा पलटणींचे जवान होते. वेढ्यात उपासमार, वेढ्यानंतर वाळवंटातून पायपीट, आणि पुष्कळांच्या वाट्याला परमुलखातील मृत्यू. त्यांच्या शौर्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु ते ज्या नळवाटेच्या रक्षणासाठी निघाले होते, तिच्यातून वाहणारे तेल ना त्यांच्या देशाचे होते, ना त्या देशातील जनतेच्या उपयोगाचे होते.

अबादानशी आपले नाते केवळ सैनिकांचे नव्हते. कारखान्यातील कुशल कामासाठी कंपनीने मुंबईमार्गे हिंदी कामगारांची भरती केली होती. आमच्या गोमंतकातील माणसेही पोटासाठी तेथे गेली. १९२२ साली हिंदी कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला, तेव्हा त्यांच्यातील पुष्कळांना जहाजात बसवून परत पाठविण्यात आले. इराणी मजुरांचे हाल तर याहून वाईट होते. एका बाजूस गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, हिरवळी आणि क्लब. दुसऱ्या बाजूस पत्र्याच्या व पोत्यांच्या झोपड्या, नळाविना वस्त्या आणि उन्हाळ्यातील जीवघेणी काहिली.

मोसद्देक मायदेशी परतले आणि राज्यकारभारात शिरले. ते अर्थखात्याचे उपमंत्री, फार्सचे सुभेदार, अर्थमंत्री, आझरबैजानचे सुभेदार, परराष्ट्रमंत्री अशा पदांवर चढत गेले. परंतु कोठेही फार काळ टिकले नाहीत. याचे कारण उघड होते. लाचलुचपत त्यांस चालत नसे, आणि परकीयांपुढे मान तुकविणेही जमत नसे. १९१९ साली इराणचे सैन्य व खजिना इंग्रजांच्या देखरेखीखाली देणारा करार झाला, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध परदेशातून आवाज उठविला. १९२१ साली रेझाखान नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने राजधानी ताब्यात घेतली, तेव्हा फार्सच्या सुभेदारीवर पाणी सोडून ते मोकळे झाले. १९२५ साली याच रेझाखानास शहा करण्याचा ठराव मजलिसपुढे आला. सभेबाहेर बंदुका होत्या, सभेत भय होते. अशा वेळी उभे राहून विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत मोसद्देक होते. रेझाखानाने देशासाठी केलेले काम त्यांनी नाकारले नाही. परंतु राजा, मुख्य मंत्री आणि सेनापती एकाच देहात सामावले तर राज्यघटना उरतेच कोठे, असा त्यांचा सवाल होता.

या धाडसाची किंमत त्यांना मोजावी लागली. सार्वजनिक जीवनातून त्यांस दूर सारण्यात आले आणि तेहरानच्या पश्चिमेस अहमदाबाद नावाच्या आपल्या खेड्यात ते शेती आणि वाचन करीत राहिले. १९४० साली काही कारण न दाखविता त्यांना पकडून बिरजंदच्या तुरुंगात धाडण्यात आले. ती अटक त्यांच्या लहान कन्येने डोळ्यांनी पाहिली; त्या धक्क्याने तिच्या मनाचा तोल गेला तो पुन्हा कधी सावरला नाही. मोसद्देक यांना आयुष्यात जी दुःखे भोगावी लागली, त्यांत हे सर्वांत मोठे असावे असे आम्हांस वाटते. दैवाचा खेळ असा की, त्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली ती युवराज महंमद रेझा यांच्या मध्यस्थीने. हेच युवराज पुढे शहा झाले आणि तेरा वर्षांनी त्यांनीच मोसद्देक यांना पुन्हा कैदेत टाकले.

इकडे तेलाचे काय झाले होते? १९३२ साली रेझाशहाने मोठ्या आवेशाने डार्सीचा मक्ता रद्द केला आणि १९३३ साली किरकोळ फायद्याच्या बदल्यात नवा करार केला. त्याने कंपनीची मुदत १९९३ पर्यंत लांबविली! १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंड व रशिया यांच्या फौजा इराणमध्ये घुसल्या. अबादानवर उतरलेल्या सैन्यात पुन्हा हिंदी पलटणी होत्या. रेझाशहाने राजत्याग केला. त्याला घेऊन निघालेले जहाज मुंबईपर्यंत आले, परंतु इंग्रजांनी त्यास किनाऱ्यावर पाऊल टाकू दिले नाही. तो मॉरिशसला व तेथून दक्षिण आफ्रिकेत नेला गेला आणि १९४४ साली तेथेच वारला. १९४६ साली तेलकामगारांचा मोठा संप झाला, तेव्हाही शेजारच्या बसऱ्यास हिंदुस्थानातून फौज आणून ठेवण्यात आली. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष उरले होते.

१९४४ साली मोसद्देक मोठ्या मतांनी तेहरानमधून मजलिसवर निवडून आले. त्याच वर्षाअखेर त्यांनी एक कायदा मंजूर करून घेतला. मजलिसच्या संमतीवाचून कोणत्याही परकीयास तेलाचा मक्ता देण्याची बोलणी कोणा मंत्र्याने करू नयेत, असा तो कायदा होता. हा बडगा इंग्रजांइतकाच रशियनांवरही होता. उत्तरेकडील तेलाचा मक्ता रशियास हवा होता. १९४७ साली मजलिसने तोही नाकारला. मोसद्देक यांना रशियाचे हस्तक ठरवू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरावयाचे ठरविले. पारडे कोणाही बलाढ्याकडे झुकू द्यावयाचे नाही, हे त्यांचे सूत्र होते.

१९४९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. तिच्यात विद्वान होते, व्यापारी होते, धर्मगुरू होते. लोकांच्या असंतोषाचे कारण आकड्यांतच होते. कंपनी इराणला स्वामित्वधन म्हणून जेवढे देत असे, त्याहून कितीतरी अधिक रक्कम ती ब्रिटिश सरकारला करापोटी देई; आणि कंपनीच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याची मुभा इराण सरकारला नव्हती. तशातच १९५० च्या अखेरीस शेजारच्या सौदी अरेबियाने अमेरिकन कंपनीशी निम्म्या नफ्याचा करार केला. इंग्रजी कंपनीने वेळीच तेवढे मान्य केले असते, तर कदाचित पुढचे सारे टळले असते. परंतु तिला शहाणपण सुचले ते फार उशिरा.

१९५१ च्या मार्च महिन्यात मजलिसने आणि मग वरिष्ठ सभागृहाने तेलउद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. २८ एप्रिल रोजी मजलिसने मोसद्देक यांची पंतप्रधानपदासाठी निवड केली. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. अबादानचा कारखाना तेव्हा जगातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ऑक्टोबरच्या आरंभी तेथील शेवटचे इंग्रज कर्मचारी एका युद्धनौकेत बसून निघून गेले.

येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. १९१४ साली फौज आली, १९४१ साली आली, १९४६ सालीही शेजारी येऊन बसली. मग १९५१ साली का आली नाही? लंडनमध्ये स्वारीच्या योजना आखल्या गेल्या होत्या. परंतु अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांचा तीस विरोध होता, रशिया उत्तरेकडून उतरेल अशी धास्ती होती, आणि आणखीही एक गोष्ट होती. ज्या देशातून स्वस्तात आणि विनातक्रार पलटणी मागविता येत, तो देश १९४७ साली स्वतंत्र झाला होता. आपल्या स्वातंत्र्याने केवळ आपल्याच बेड्या तुटल्या नाहीत; दुसऱ्यांना बेड्या घालण्याकरिता आपले हात वापरण्याची सोयही नाहीशी झाली. स्वातंत्र्याचा हा अर्थ आम्ही वर्गात मुलांना सांगितलेला नव्हता. तो आम्हांस स्वतःलाही उमगला नव्हता.

इंग्लंडने मग सुरक्षा समितीकडे धाव घेतली. मोसद्देक स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि १५ ऑक्टोबर १९५१ पासून त्यांनी आपल्या देशाची बाजू जगापुढे मांडली. भारत त्या वेळी सुरक्षा समितीचा सदस्य होता व आपले प्रतिनिधी होते सर बेनेगल नरसिंह राव. हे राव मंगळूरकडील सारस्वत घराण्यातील, म्हणजे आमच्याप्रमाणेच कोकणी मातृभाषेचे. भारताच्या राज्यघटनेचे सल्लागार म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांनी युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधीसमवेत दुरुस्त्या सुचवून इंग्लंडच्या ठरावाची धार बोथट केली. अखेर चर्चा तहकूब झाली आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे राहिले. पुढे राव त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. परंतु सुरक्षा समितीत आपण या वादात भाग घेतला होता, या कारणास्तव ते सुनावणीस बसले नाहीत. न्यायबुद्धी कशी असावी याचे हे लहानसे, परंतु लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे. २२ जुलै १९५२ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला की, हा वाद त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही. इराणची बाजू उचलून धरणाऱ्या नऊ जणांत एक न्यायाधीश खुद्द इंग्लंडचे होते, हेही सांगितले पाहिजे.

तोच आठवडा तेहरानमध्ये रक्तरंजित ठरला होता. युद्धखाते आपल्या हाती असावे ही मागणी शहाने अमान्य केल्यामुळे मोसद्देक यांनी राजीनामा दिला होता. २१ जुलै रोजी जनता रस्त्यावर उतरली, गोळीबारात माणसे पडली आणि शहाला त्यांस परत बोलवावे लागले. त्यांच्या कारकीर्दीत जमीनदारांच्या उत्पन्नातील हिस्सा कुळांसाठी व गावच्या सुधारणेसाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला, वेठबिगारीस बंदी झाली आणि कामगारांसाठी विम्याची योजना आली.

परंतु तेल विकले जात नव्हते. इराणचे तेल हे चोरीचे तेल असे जाहीर करून इंग्लंडने ते घेणाऱ्यांस न्यायालयात खेचण्याची धमकी दिली. १९५२ साली तेल घेऊन निघालेले एक जहाज एडन बंदरात अडविण्यात आले. १९५३ साली जपानच्या इदेमित्सु कंपनीचे निश्शो मारू हे जहाज मात्र मोठ्या धैर्याने अबादानला येऊन तेल भरून गेले. अशी उदाहरणे तुरळकच. १९५० साली सुमारे तीन कोटी टन तेल काढणाऱ्या देशाचे उत्पादन नाममात्र उरले. शेजारच्या इराक, कुवेत व सौदी अरेबियातील उत्पादन वाढवून मोठ्या कंपन्यांनी ती उणीव भरून काढली. जग इराणच्या तेलावाचून चालू शकते, हा हिशेब मोसद्देक यांना आरंभी कळला नाही. ज्याने बालपणापासून वह्या तपासल्या, त्याच्याकडून ही चूक व्हावी, हे दुर्दैव होय. १९५२ च्या प्रारंभी जागतिक बँकेने काही काळ हा उद्योग त्रयस्थ म्हणून चालविण्याची तडजोड सुचविली होती, ती फिसकटली. तेव्हा त्यांनी थोडे नमते घ्यावयास हवे होते, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. चणचण वाढली तसे जुने सहकारी दुरावले. शेवटी १९५३ च्या ऑगस्टमध्ये जनमत घेऊन त्यांनी मजलिसच विसर्जित केली. त्या मतदानात होकाराच्या व नकाराच्या पेट्या वेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या. म्हणजे मत गुप्त राहिले नाही. जन्मभर मजलिसची प्रतिष्ठा जपणाऱ्या पुरुषाच्या हातून हे घडले. चरित्र लिहिताना डाग झाकणे म्हणजे वाचकाची फसवणूक करणे होय, म्हणून हे येथे स्पष्ट लिहिले आहे.

मात्र त्यांचा पाडाव झाला तो या चुकांमुळे नव्हे. इंग्लंडमध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले होते. फौज पाठविणे शक्य नव्हते, म्हणून गुप्त कटाचा मार्ग निवडला गेला. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये मोसद्देक यांनी इंग्लंडशी राजनैतिक संबंध तोडून त्यांच्या वकिलातीस टाळे लावले. तेव्हा कटाची सूत्रे अमेरिकेकडे गेली. ट्रूमन यांनी या गोष्टीस नकार दिला होता. त्यांच्या जागी आलेल्या आयझेनहॉवर यांच्या सरकारने इराण साम्यवाद्यांच्या हाती जाईल या भीतीने होकार दिला. अमेरिकन गुप्तचर खात्याच्या कर्मिट रूझवेल्ट यांनी तेहरानमध्ये ठाण मांडून पैसा वाटला. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्रीचा पहिला प्रयत्न फसला. शहा घाबरून बगदादला व तेथून रोमला पळाला. परंतु १९ ऑगस्ट रोजी भाडोत्री जमाव, फितूर सैन्य आणि रणगाडे एकत्र आले. पंतप्रधानांच्या घरावर तोफा डागण्यात आल्या. मोसद्देक भिंत ओलांडून निसटले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःस नव्या सत्ताधाऱ्यांच्या स्वाधीन केले.

लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. आरोपी एकाहत्तर वर्षांचा, प्रकृतीने खंगलेला. परंतु कायद्याच्या एकेका मुद्द्यावर त्याने न्यायासनावर बसलेल्या सेनाधिकाऱ्यांस निरुत्तर केले. तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना १९५४ साली गोळ्या घालून मारण्यात आले. त्याच वर्षी इराणचे तेल परकीय कंपन्यांच्या संघाकडे गेले. त्यात जुन्या इंग्रजी कंपनीचा वाटा शेकडा चाळीस व अमेरिकन कंपन्यांचाही शेकडा चाळीस होता. उरलेला डच व फ्रेंच कंपन्यांकडे गेला. नफ्याचा निम्मा भाग इराणला मिळाला. मोसद्देक हरले, तरी कंपनीला पूर्वीची मक्तेदारी पुन्हा कधी मिळाली नाही, हे ध्यानात ठेवावे.

शिक्षा संपल्यावर मोसद्देक यांना अहमदाबादच्या त्याच खेड्यात स्थानबद्ध करण्यात आले. पहारा अखेरपर्यंत उठला नाही. १९६५ साली पत्नीचे निधन झाले. पुढे कर्करोग जडला. उपचारांसाठी परदेशी जाणे त्यांनी नाकारले. ५ मार्च १९६७ रोजी तेहरानमध्ये, त्यांच्या आईने स्थापन केलेल्या नजमिया रुग्णालयात, त्यांनी प्राण सोडला. २१ जुलैच्या हुतात्म्यांशेजारी दफन व्हावे ही त्यांची इच्छाही पुरी होऊ दिली नाही. ज्या घरात स्थानबद्धता भोगली, त्याच घरातील एका खोलीत त्यांना मूठमाती देण्यात आली. १९७९ साली शहाचे राज्य कोसळल्यावर त्यांच्या पुण्यतिथीस लक्षावधी माणसे त्या लहानशा खेड्याकडे लोटली. २०१३ साली अमेरिकन गुप्तचर खात्याने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत त्या कटातील आपला हात अधिकृतपणे मान्य केला. साठ वर्षांनी का होईना, कबुली आली. परंतु साठ वर्षे परत येत नाहीत.

या कथेचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. अबादान बंद पडले तेव्हा आपल्या देशातही तेलाची चिंता उत्पन्न झाली होती, कारण घराघरांतील कंदिलात जळणारे रॉकेल बव्हंशी बाहेरून येई. १९५१ च्या अखेरीस तुर्भे येथील शुद्धीकरण कारखान्यांचे करार झाले आणि १९५४ व १९५५ साली ते सुरू झाले. ते विदेशी कंपन्यांचे होते. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला; १९७४ साली सागरसम्राट या तरफ्याने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले; आणि १९७४ ते १९७६ या काळात तुर्भ्याचे ते कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्यासाठी आपल्या एकाही पंतप्रधानाला घराची भिंत ओलांडावी लागली नाही. तथापि आजही आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक तेल बाहेरूनच येते. आखातात ठिणगी पडली की, आपल्या गावच्या पंपावर भाव चढतो. म्हणजे मोसद्देक यांच्यापुढचा प्रश्न वेगळ्या वेषात आपल्याही दाराशी उभा आहे.

१९९१ साली कुवेतच्या आणि २००३ साली इराकच्या भूमीवर पुन्हा परदेशी फौजा लढल्या. २००३ साली भारतानेही आपले सैन्य इराकमध्ये धाडावे, अशी अमेरिकेने विनंती केली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात भारत सरकारने विचारान्ती ती नाकारली. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आम्हांस येथे सापडले. १९१४ साली त्या पलटणी गेल्या, कारण जावे की न जावे हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या देशाला नव्हता. २००३ साली देशाने स्वतःस तो प्रश्न विचारला आणि स्वतःच उत्तर दिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हे सारे सांगितले. प्रश्न विचारणारा मुलगा काही वेळ गप्प होता. मग त्याने सांगितले की, त्याच्या पणजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याला गेले होते आणि परत आले नाहीत; घरी त्यांचे एक पदक देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवलेले आहे. ते पदक जपून ठेव, एवढेच आम्ही त्यास सांगितले.